पायाएवढी जागा

माणसाचा चेहरा बघून त्याचं नशीब सांगणारे पुष्कळ भेटतात. मी पाय बघून सांगतो. हसू नका. तरुणपणाची सगळी वर्षं मी कुवेतला, सालमियाच्या बाजारात बुटांच्या दुकानात काढली. गुडघ्यावर बसून जगाकडे बघायची एकदा सवय लागली की वर चेहऱ्यापर्यंत जायची गरज पडत नाही. टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली असेल तर माणूस हट्टी. आतल्या अंगाने झिजलेली असेल तर त्याची बायको हट्टी. एकाच बुटाचा चवडा गुळगुळीत झाला असेल तर तो ड्रायव्हर, आणि दोन्ही बूट नवेकोरे असून माणूस लंगडत असेल तर तो नक्की आमच्याच दुकानाचं गिऱ्हाईक.

आता माझी पन्नाशी उलटली. किती पाय हातातून गेले त्याचा हिशेब नाही. पण एक पाय मी कधीच पाहिला नाही आणि तोच विसरता येत नाही. ही गोष्ट त्या पायाच्या बापाची.

त्याआधी आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. साठीच्या दशकात आमच्या खाडीपट्ट्यातले, दाभोळपासून खाली जयगडापर्यंतचे, मुसलमान गडी कुवेतला भरपूर होते. कोणी दुकानात, कोणी बंदरावर, कोणी साहेबाच्या किचनमध्ये. बायकापोरं सगळी गावाला. सुट्टी दोन-दोन वर्षांनी. पोरांसाठी बूट न्यायचे तर माप कसं कळणार? मग घरची बाई पोराला कोऱ्या कागदावर उभं करायची आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारायची. तो कागद पत्रातून यायचा. गडी तो चौघडी करून खिशात ठेवायचा आणि शुक्रवारी माझ्यासमोर काउंटरवर असा उलगडायचा, जणू निकाहनामाच.

आणि इथे आमचे सगळे लोक एकच चूक करायचे. पत्र यायला दिवस लागतात, सुट्टी त्यानंतर वर्षाने. तोवर पोराचा पाय थोडाच थांबतोय? मी प्रत्येकाला सांगायचो, "भाय, दोन नंबर मोठा घ्या. पोरगा वाढला असेल." गडी मान डोलवायचा. "बरोबर हाय तुजा." आणि मग बूट कागदावर ठेवून, रेघेला रेघ जुळवून म्हणायचा, "हाच दे. कागदाएवढाच." घरी जाऊन तो बूट पोराच्या टाचेतच अडकायचा आणि धाकट्याच्या वाट्याला जायचा. पुढच्या खेपेला पुन्हा कागद, पुन्हा कागदाएवढाच बूट. मला वाटायचं, काय अडाणी लोक आहेत आपले!

अडाणी कोण होतं ते मला एका जपानी माणसाने शिकवलं.

त्याचं नाव इवासे. एका जपानी तेल कंपनीच्या ऑफिसात तो नकाशे काढायचा. चाळिशीचा, काटकुळा, डोक्यावर राठ उभे केस, आणि पाय मात्र बाईसारखे नाजूक. शुक्रवारी तो दुकानात आला तेव्हा मी दाऊदमामूंशी हुज्जत घालत होतो. दाऊदमामू म्हणजे आमच्या कुडीचे आचारी. कूड म्हणजे गावच्या लोकांनी मिळून परमुलखात घेतलेलं बिऱ्हाड. एक चूल, एक हंडी, आणि झोपायला ज्याला जिथे जागा मिळेल तिथे. मामूंनी आपल्या नातीचा, नूरीचा कागद आणला होता. नूरीचा बाप, मामूंचा मुलगा, समुद्रात बुडून गेलेला, त्यामुळे तिचे बूट-फ्रॉक सगळं मामूंकडे.

इवासेने तो कागद पाहिला आणि तो काउंटरवर ओणवाच झाला. बूट बांधून झाल्यावर तो मामूंसमोर कमरेत वाकला आणि इंग्रजीत म्हणाला, "आता हा कागद मला द्याल?"

मी मामूंना सांगितलं.

"कागद? मेल्या, बूट माग एक वेळ! कागद कशाला होवा याला? इचार."

मी विचारलं. इवासे कागदावर बोट फिरवत म्हणाला, "इथे पाय नाही. पण पाय संपतो कुठे आणि बाकीचं जग सुरू होतं कुठे, ते इथे आहे. आमच्या तोक्योत आम्ही दहा माणसं वर्षानुवर्षं हे करायचा प्रयत्न करतोय. या बाईंना ते कोणी शिकवलं?"

मी याचं भाषांतर केलं ते एवढंच: "मामू, हा तुमच्या सुनेचं कौतुक करतोय."

"मग जेवायला घेऊन ये त्याला," मामू म्हणाले. कागद मात्र त्यांनी खिशात घातला.

इवासे जेवायला आला तो राहायलाच. आमच्या गच्चीवर एक खोली रिकामी होती, ती त्याने भाड्याने घेतली. कंपनीचे झकपक क्वार्टर्स सोडून इथे का, विचारलं तर म्हणाला, "तिथे सगळं आहे. त्यामुळे काही दिसत नाही." त्याची बोली हळूहळू इंग्रजी, हिंदी आणि मामूंच्या शिव्या यांची खिचडी झाली. इथे मी ती निवडून, धुऊन वाढतो आहे.

हा माणूस तोक्योत कलावंत होता म्हणे. चित्रं काढायचा का? नाही. मूर्ती? तेही नाही. लढाईत त्याचं शहर जळून सपाट झालं होतं. लोक घरं बांधायला लागले, तर हा आणि त्याचे दोस्त घर कुठे होतं ते आखत बसले. एकदा त्यांनी प्रदर्शन भरवलं. पाहुणे आत आले तर दालन रिकामं, आणि जमिनीवर खडूने टेबल, खुर्च्या, चूल, अंथरूण यांच्या नुसत्या जागा. "पेपरवाले हसले," इवासे म्हणाला. "पण चुलीवर पाय कोणीच दिला नाही."

त्याची एक खोड होती. तुम्ही कुठेही बसलेले असा, तो समोर येऊन अदबीने म्हणणार, "जरा बाजूला येता?" तुम्ही उठायचं. मग तो तुम्ही बसला होतात ती जागा बघत राहणार, आणि ती बघताना त्याच्या चेहऱ्यावर अशी माया यायची, की तुम्हाला वाटावं, च्यायला, आपण असताना तर याने कधी असं बघितलं नाही! एकदा त्याने हे चौकातल्या पोलिसाला म्हटलं. मला जाऊन सोडवून आणावं लागलं.

पाण्याच्या ड्रमचा किस्सा तर आमच्या गावात अजून सांगतात. टँकरने आलेलं पाणी आम्ही स्वयंपाकघरात मोठ्या ड्रममध्ये भरून ठेवायचो. एका सकाळी इवासेने ड्रमभोवती खडूने गोल काढला आणि मामूंची परवानगी घेऊन, दोघांच्या मदतीने ड्रम समोरच्या भिंतीला नेला. झालं! मामू भाताचं पातेलं घेऊन निघाले, त्या रिकाम्या गोलाला वळसा घालून सांभाळून गेले आणि खऱ्या ड्रमवर जाऊन धाडकन आपटले. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. आणि मामूंना हसणारे आम्ही सगळे? आम्हीही गोलाला वळसा घालत होतो! इवासे दारात उभा राहून लहान पोरासारखा टाळ्या पिटायचा. शेवटी मामू डाव घेऊन त्याच्यामागे गच्चीपर्यंत धावले. मग त्याने मुकाट्याने फरशी पुसली. तरी कोणी त्या जागेवर पाय देईना.

"ड्रम हलवायला तीन माणसं पुरली," इवासे म्हणाला. "जागा हलवायला किती लागतील?"

आम्ही हसलो. मामू हसले नाहीत. डाव हातात तसाच धरून ते म्हणाले, "आमच्या घरी ओटीवर माझी खाट हाय. कोण निजत नाय तिच्यावर. सून रोज झाडून घेते फक्त." त्या दिवसापासून मामू त्याला माशाचं डोकं वाढायला लागले. कुडीत हा मान एकट्या इमामसाहेबांचा होता.

एका शुक्रवारी तो मला शहरात शर्क मोहल्ल्यात घेऊन गेला. तेव्हा सरकार जुनी मातीची घरं विकत घेऊन पाडत होतं आणि जुने कुवेती लोक बाहेर नव्या बंगल्यांत चालले होते. समोर सगळा ढिगारा. इवासे दोन दगडांसमोर थांबला, चपला काढल्या आणि मधून आत गेला. मी आपला बाजूने गेलो.

"भिंतीतून काय येतोस?" तो माझ्यावर एवढा ओरडला की मी घाबरून मागे फिरलो आणि दारातून आलो. नसलेल्या दारातून!

इतक्यात एक म्हातारा कुवेती काठी टेकत आला. मी म्हटलं, मेलो, घरमालक. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं. दगडांजवळ ठेवलेल्या इवासेच्या चपलांकडे पाहिलं. मग त्याने स्वतःच्या चपला तिथेच काढल्या, त्याच दोन दगडांमधून आत आला आणि इवासेचा हात धरून अरबीत म्हणाला, "तुम्ही उभे का? ते अंगण आहे. पाहुण्यांची बैठक इकडे." आम्ही मातीत मांड्या घालून बसलो. म्हातारा, नाव बू राशिद, बोटाने दाखवत राहिला: इथे विहीर, इथे बोराचं झाड, इथे माझी आई वारली. निघताना इवासेने वाकून त्या रिकाम्या कोपऱ्याला नमस्कार केला. म्हातारा माझ्या कानात म्हणाला, "माझी मुलं म्हणतात, बाबा, आता तिथे काय आहे बघायला? यांना मुलं आहेत का?"

मी विचारलं. इवासेने उत्तर दिलं ते परतताना, टॅक्सीत.

त्याला एक मुलगी होती. एमिको. तो असाच खडूने रेघा मारत हिंडतो, घरात तांदूळ आणत नाही म्हणून बायको माहेरी गेली. मुलगी तेव्हा चार वर्षांची. "आमच्याकडे नवरा-बायको वेगळे झाले की मूल एका घराचं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या घराने तोंड दाखवायचं नाही. तसा कायदा म्हणा, लाज म्हणा. माझ्या सासऱ्याने दार लावलं. मी दारासमोर उभा होतो. नंतर मला कळेना की ती आत किती मोठी होते आहे."

म्हणून तो आमच्या लोकांचे कागद बघून वेडा झाला होता. त्याने एमिकोच्या आईला लिहायला सुरुवात केली. फोटो नको, उत्तर नको, फक्त पावलाभोवतीची एक रेघ पाठवा. पाकिटात तो कोरा कागद घालायचा आणि बोटभर पेन्सिलही, म्हणजे तिकडे कोणाला शोधायचा त्रास नको. दर महिन्याला एक पाकीट जायचं. येत काहीच नव्हतं.

त्या दिवसांत तो संध्याकाळी दुकानात यायचा. शोकेसमध्ये लहान मुलींचे लाल बूट होते, पट्टीचे, पितळी बक्कलवाले. त्यांच्यासमोर उभा राहायचा.

"सात वर्षांच्या मुलीला कोणते?"

"सात वर्षांच्या मुलींना दहा तऱ्हेचे पाय असतात, इवासेभाय. अंदाजाने घेऊन टाका."

"अंदाज माझा असेल," तो म्हणायचा. "पाय तिचा हवा."

आणि इकडे कुडीत दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा कागद यायचाच. त्याच्या जिवाला लागू नये म्हणून लोक बिचारे लपवायला लागले. कागद आला की संडासात जाऊन बघायचे! कुडीतला आनंद संडासात गेलेला मामूंना सहन होईना.

एका दुपारी मी जेवायला गेलो तर मामू स्वयंपाकघरात पाटावर वाकून बसलेले. समोर नूरीचा जुना कागद, त्यावर इवासेच्या खोलीतून आणलेला पातळ जपानी कागद. जीभ दातात धरून मामू रेघेवरून रेघ काढत होते. भाकरीसुद्धा त्यांनी कधी एवढी जपून थापली नव्हती.

"मामू, हे काय?"

"त्याच्या पोरीचा पाय."

"मामू, तो माणूस रेघांवर जगतो! पकडतील तुम्हाला."

"सात वर्साची ती, सात वर्साची ही. अल्लाने पाय काय येगळे केलेत? तू बूट इक. मना शिकवू नको."

शुक्रवारी सगळे सुफऱ्याभोवती, म्हणजे जेवणाच्या चादरीभोवती, बसलो होतो. मामूंनी भाताचं ताट ठेवलं, हात पुसले आणि पाकीट इवासेपुढे धरून नाटकातल्या भालदारासारखं जाहीर केलं, "तुमच्या ऑफिसचा माणूस देऊन गेला." आवाज इतका मोठा, की शेजारच्या घरालाही खात्री पटावी. मी ताटात तोंड खुपसलं.

इवासेने कागद उघडला. अंगठ्यापासून सुरुवात करून त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं, हळूहळू, टाचेला वळसा घालून पुन्हा अंगठ्यापर्यंत. कोणी घास घेईना. मग त्याने कागद बाजूला ठेवला आणि मामूंपुढे कपाळ जमिनीला टेकवलं.

"अरे, अरे, मना काय! टपालवाल्याला कर," मामू घाईघाईने म्हणाले आणि कालवण आणायला आत गेले. कालवण बाहेरच होतं.

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर दुकान उघडलं तर इवासे पायरीवर हजर. मी लाल बूट काढले. कागदावर ठेवून पाहिले. माझी जीभ वळवळली, "एक नंबर मोठा देऊ का? जपानला पोचेपर्यंत..."

"नाही," तो म्हणाला. "कागदाएवढाच."

आमच्या लोकांचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठा बूट म्हणजे न पाहिलेलं पोर. कागदाएवढं पोर तेवढं बापाचं. बाकी वाढलेलं सगळं त्याच्या माघारी वाढलेलं.

पुढच्या आठवड्यात त्याने गच्चीवर काम काढलं. थंडीचे दिवस, वर कोणी झोपत नव्हतं. त्याने बारीक चाळलेली वाळू आणि चुना मिसळून सगळ्या गच्चीभर पसरला, एका कडेला आपल्याला जायला-यायला फळी टाकली, आणि खाली येऊन प्रत्येकाकडे पोरांचे कागद मागितले. या वेळी कोणी नाही म्हणालं नाही. मी बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा दिला. त्याने कागदावरून पुठ्ठ्याची पावलं कापली आणि एकेकाला विचारू लागला, "तुझा कसा चालतो?"

"माजा करीम चालत नाय. धावतो नुसता."

"आमची फातमा एका पायावर उड्या मारते. तिची आजी वरडते, तरी."

इवासे फळीवरून वाकून, हात लांब करून, प्रत्येक पोराची चाल वाळूवर उमटवत गेला. मामूंकडे आला तेव्हा मामू कांदा चिरत होते.

"नूरीचा कागद?"

मामूंनी वर पाहिलं नाही. "सापडत नाय. कुठं गेला कुणास ठाऊक."

इवासेने हातातला पुठ्ठा बगलेत मारला. मग म्हणाला, "ठीक आहे."

दोन्ही कागद शेजारी पडले असते तर एकच पाय दोनदा उमटला असता. म्हणून मामूंनी आपली नात घरी ठेवली. हे मला कळत होतं, आणि कांदा चिरून झाला तरी मामू पाटावरून उठेनात, हेही दिसत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी जिन्यात तिकीटबाबू होऊन उभा राहिलो. "या, या! डोळे उघडे ठेवा, पाय आवरा!" बू राशिदलाही बोलावलं होतं. एकेक गडी वर आला, हसत, थट्टा करत, आणि शेवटच्या पायरीवरच थांबला.

गच्चीभर आमची पोरं खेळत होती. पोर एकही नव्हतं. नुसती पावलं, धावलेली, अडखळलेली, एका पायावर उड्या मारत गेलेली, पाण्याच्या टाकीभोवती घोळका करून थांबलेली. करीमची पावलं लांब लांब. बापाने ती पाहिली आणि बोलून गेला, "हळू, मेल्या, पडशील!" मग तो जिन्यातच खाली बसला आणि गुडघ्यात तोंड घातलं. आम्ही कोणी त्याला उठवलं नाही.

या सगळ्यांपासून लांब, इवासेच्या दारापाशी, दोन पावलं जुळवून उभी होती. लाल बुटांची.

"ही अशी कोपऱ्यात का?" बू राशिदने विचारलं.

"नवीन आहे," इवासे म्हणाला. "तिला यांची भाषा येत नाही. आधी बघू दे."

मामू खूप वेळ त्या दोन पावलांकडे बघत उभे राहिले. नातीला त्यांनी असं उभं असलेलं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

काही दिवसांनी मी वर कपडे वाळत घालायला गेलो, तर लाल बुटांची पावलं दारापाशी नव्हती. ती वाळूतून चालत जाऊन टाकीजवळच्या घोळक्यात मिसळली होती, आणि पुढे करीमच्या मागे धावतही सुटली होती.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"कोणीतरी हाक मारली असेल," इवासे म्हणाला.

मग तूझ आलं. तिकडच्या धुळीच्या वादळाला तूझ म्हणतात. दिवसभर आकाश विटकरी होतं. संध्याकाळी वर गेलो तर गच्ची कोरी. मामू झाडू घेऊन आले होते, पण इवासेने तो त्यांच्या हातून काढून घेतला. नंतरही महिनाभर कपडे वाळत घालायला जाणारा प्रत्येक जण टाकीला वळसा घालून, पोरं वाचवत जायचा.

त्याचं कंत्राट संपलं तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. चार-पाच महिने ते लाल बूट त्याच्या उशाशी होते. तोक्योहून, म्हणजे खऱ्या तोक्योहून, तोवर काहीही आलेलं नव्हतं.

निघायच्या सकाळी आम्ही सगळे दारात जमलो. टॅक्सी उभी होती. मामूंनी त्याला रस्त्यात खायला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली होती. विमानातल्या माणसांवर काय गुदरलं असेल, अल्ला जाणे. इवासेने बुटांचं खोकं उघडलं, लाल बूट बाहेर काढले आणि दोन्ही हातांनी मामूंपुढे धरले.

"हे नूरीचे."

मामूंचा चेहरा उतरला. "नाय, नाय, हे तुमच्या..."

"नूरीचे आहेत, मामू."

मामू खाली बघत म्हणाले, "कवा कळला?"

"त्याच दिवशी. भातावर." इवासे हसला. "आई पेन्सिल फिरवते तेव्हा ती आतल्या अंगाने, तळव्याच्या खळग्याशी आली की मुलाला गुदगुल्या होतात. पाय हलतो. सगळ्यांच्या कागदांवर तिथे रेघ उडालेली आहे. नूरीच्या कागदावरसुद्धा, मी दुकानात पाहिली होती. तुमची रेघ तिथे सरळ गेली. फार जपून काढली होती तुम्ही. तिच्यात गुदगुली नव्हती."

"मग बोलला का नाय? बूट घेतलेस, पाया पडलास माज्या..."

"मुलीला घेऊन कोणी दारात आलं, तर परत कसं पाठवायचं?" तो म्हणाला. "गच्चीवर सगळ्यांची मुलं आली आणि नूरी आली नाही. तिची जागा तुम्ही माझ्या मुलीला दिलीत. मी तिला काही दिवस माझ्या दारात उभं केलं. मग वाटलं, ही इथली आहे, हिचे भाऊबंद तिकडे खेळताहेत. म्हणून सोडली."

मामूंनी बूट छातीशी धरले. त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मामू त्या वर्षी सुट्टीवर गेले. बूट अर्थात नूरीच्या टाचेत अडकले. तिला धाकटं भावंड नव्हतं. ओटीवर मामूंच्या खाटेखाली ते बरीच वर्षं होते, आणि सून तेही रोज झाडून घ्यायची. इवासेचं पुढे काय झालं, मुलगी त्याला दिसली की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. त्याला पत्र लिहायचं तर पत्ता काय लिहिणार? स्वतःचं घर कुठे आहे, ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. कुठे होतं, तेवढंच सांगितलं.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं. टॅक्सीत बसण्याआधी तो वळला आणि त्या जुन्या अदबीने म्हणाला, "जरा बाजूला येता?"

दाराच्या पायरीवर आम्ही सगळे दाटीने उभे होतो. सगळे बाजूला झालो, मामूसुद्धा. त्याने रिकाम्या पायरीकडे मनसोक्त पाहिलं आणि कमरेतून वाकला. मग आमच्याकडे न बघता टॅक्सीत जाऊन बसला. मी खिडकीशी गेलो. बुटांचं खोकं त्याच्या मांडीवर होतं.

"खोकं द्या इकडे," मी म्हटलं. "रिकामं कशाला नेताय एवढ्या लांब?"

"बूट नूरीचे," तो म्हणाला. "हे माझं."

टॅक्सी समुद्राच्या रस्त्याला लागली. काचा खाली होत्या आणि वारा होता. मागच्या काचेतून तो दिसत होता तोवर दिसला. खोक्याचं झाकण उडू नये म्हणून त्याने वरून तळहात दाबून धरला होता.